नकटीने शिकलेलं घर

घराच्या भिंतीला नाक बसवायला माणूस आला, तेव्हा मी मेथी निवडत होते.

"काकू, आता काही दिवस फोडणी जरा बेताने," स्टुलावर चढत तो म्हणाला. "ती घर शिकतेय."

"कोण ती?"

"ही घ्राणिका."

ताटलीएवढी पांढरी चकती होती ती. मध्ये बारीकसा दिवा. दुसऱ्यांचे वास काढणार आणि स्वतःला नाकाचा पत्ता नाही, म्हणून मी तिचं नाव नकटी ठेवलं. घरात तेच रूढ झालं. शर्वरीसुद्धा, म्हणजे माझी सून, "नकटी काय म्हणतेय बघ गं आई" म्हणता म्हणता जीभ चावायची आणि "बघा" म्हणायची.

मी त्या माणसाला चहा दिला आणि तिचं पोट उघडं होतं तेवढ्यात डोकावून घेतलं. आत केसापेक्षा बारीक तारांचं रान होतं. प्रत्येक तारेला वेगळा लेप. हवेतले कण कुठल्या तारेला चिकटतात, कुठल्या नाही, यावरून एक नक्षी तयार होते आणि त्या नक्षीवरून पदार्थ ओळखला जातो. कुत्र्याच्या नाकापेक्षा ती तिखट आहे, असं तो अभिमानाने सांगत होता.

"पण घर म्हटलं की वास असतोच," तो म्हणाला. "भिंतीचा रंग, लाकूड, माणसं. ते सगळं रोज सांगत बसली तर तुम्ही वैतागाल. म्हणून सुरुवातीला ती जे हुंगते, ते 'घर' म्हणून बाजूला ठेवते. पुढे जे नवीन येईल तेवढंच सांगते. हिरवा दिवा म्हणजे नवीन काही नाही. नारिंगी म्हणजे बघा. लाल म्हणजे बाहेर पडा."

"म्हणजे माणसाच्या नाकासारखंच की," मी म्हणाले. "आमच्या लहानपणी घराशेजारी गुऱ्हाळ होतं. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय गोड वास सुटलाय! आम्हाला तो कधी आलाच नाही."

"अगदी तसंच, काकू."

आपल्याला विज्ञान पटकन कळलं याचा मला केवढा आनंद झाला होता!

हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. शर्वरीचा धाकटा भाऊ तान्हा असतानाच गेला होता. पिवळा पडला, पांढरा पडला आणि गेला. का, ते त्या वेळी कुणाला नीट कळलं नाही. पुढे शर्वरीच्या तपासण्या झाल्या तेव्हा उलगडलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं रक्षण करणारं एक विकर असतं, ते तिच्या माहेरच्या मुलग्यांमध्ये कमी पडायचं. एरवी असा मुलगा ठणठणीत असतो. पण काही ठराविक रसायनं अंगात गेली, की त्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. फुटलेल्या पेशींमधून पिवळं द्रव्य निघतं. मोठ्या माणसाला ते झेपतं, तान्ह्या बाळाच्या मात्र ते मेंदूपर्यंत जाऊ शकतं. मुलगी झाली तर बहुधा प्रश्न नव्हता. मुलगा झाला तर निम्मी शक्यता.

म्हणून नाशिकचं ते घर शर्वरीने बाळ यायच्या आधीच धुऊन काढलं होतं. प्लास्टिक गेलं, अत्तरं गेली, फरशी पुसायची रंगीत पाणी गेली. कपडे रिठ्यात धुवायचे. आसपासच्या द्राक्षबागांवर फवारणी चालायची, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. हवा गाळून आत यायची आणि कपडे आतल्याच खोलीत वाळायचे. प्लायवुडच्या कपाटांतल्या गोंदाची वाफ सुटते, म्हणून तीही गेली. बाहेरून आलं की दाराजवळच्या न्हाणीत अंघोळ करायची, तिथे ठेवलेला सुती झगा घालायचा आणि मगच आतलं दार उघडायचं.

"माझ्या आजीचंही सोवळं होतं," मी एकदा म्हणाले. "पण ते स्वयंपाकघरापुरतं."

"माझं हॉलपर्यंत आहे, आई," ती म्हणाली आणि दोघी हसलो.

मी त्यांच्याकडे कायमची राहायला गेले ती नकटीच्या थोडी आधी. बरोबर माझ्या आईची पत्र्याची ट्रंक. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्या, त्यांची शिवलेली गोधडी, ओजसची, माझ्या मुलाची, जपून ठेवलेली अंगडी-टोपडी. शर्वरीने पहिला प्रश्न विचारला, "आई, यात डांबरगोळ्या होत्या?"

तिने त्या उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. बाजारातून जाऊन वर्षं झाली होती. पण अशा बाळांना त्या विष असतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"होत्या," मी म्हणाले. "काढते." ट्रंक रिकामी केली, गोळ्या वेचून फेकल्या, आतून ओल्या फडक्याने पुसली, कपडे रिठ्यात धुतले. पुढे नकटी लागली आणि तिचं शिकणं संपलं, तेव्हा शर्वरीने एकेक कपडा तिच्यासमोर धरला. दिवा हिरवा. प्रत्येक कपड्याला ती "पास!" म्हणायची आणि माझ्याकडे फेकायची. ट्रंकही पास झाली. उलट तिला बढती मिळाली. नुसता पत्रा, ना गोंद ना पॉलिश, म्हणून बाळाचे सगळे कपडे तिच्यातच ठेवायचे ठरले.

मुलगा झाला. टाचेतून रक्त घेतलं आणि भीती होती तेच निघालं.

आमच्याकडे तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वापरून मऊ झालेल्या कापडातच गुंडाळतात. शर्वरीचं शास्त्रही तेच सांगत होतं. नव्या कापडाला कांजी, रंग, कसली कसली रसायनं. सून आणि सासू पहिल्यांदाच एका बाजूला होतो. त्या इवल्या जिवाला माझ्या आईच्या जांभळ्या काठाच्या साडीत गुंडाळलेलं बघताना वाटलं, आपण एवढी वर्षं ही ट्रंक ओढत आणली ती याचसाठी.

बारशाच्या आधीच बाळ पिवळं पडलं.

तान्ही बाळं थोडी पिवळी होतातच, पण हे ओसरायचं सोडून वाढत गेलं. ओठ पांढरे झाले. दूध ओढेना. आणि एका दुपारी शर्वरीने लंगोट माझ्यासमोर धरला. त्यावर कोऱ्या चहासारखा डाग होता. तिच्या आईने तो रंग तिला वर्णन करून सांगितलेला होता.

हॉस्पिटलात डॉक्टर सय्यद म्हणाल्या, "पेशी फुटताहेत. काहीतरी लागलंय त्याला. घरातलंच."

"घरात काही नाही," शर्वरी म्हणाली. "दिवा हिरवा आहे. एकदाही बदलला नाही."

"मग अजून शोधा."

बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. शर्वरी त्याच्याजवळ, ओजस धावपळीत, मी घरी एकटी. गुडघे असे ठणकत होते की उभं राहवेना. बाळ घरात नाही, कुणाला काही होणार नाही, असं म्हणून पिशवीच्या तळाशी पडलेली बामची डबी काढली आणि चोळला.

त्याच वेळी शर्वरी ओजसबरोबर स्वतःचे कपडे न्यायला घरी आली. दार उघडलं आणि नकटी किंचाळली. दिवा नारिंगी.

मी घाईने उशाखाली सारलेली डबी तिने काढली. झाकण उघडून नुसती बघत राहिली.

"कापूर आहे यात, आई."

"अगं, आज पहिल्यांदाच उघडली. तो इथे नाही म्हणून—"

"पहिल्यांदा?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा राहू दे." तिचा आवाज चढला नाही, हेच भयंकर होतं. "तुम्ही रात्रंदिवस त्याला मांडीवर घेऊन बसायचात. मी तुमच्या हातात दिला होता हो त्याला."

ओजस मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर डबीवर ठेवली.

"आधी नकटी बोलली असती ना, ओजस? मी रोज लावत असते तर?"

"आई, ती पण कधी चुकत असेल," तो पुटपुटला. "तू काही दिवस कुंदामावशीकडे जा."

कुंदा माझी धाकटी बहीण. सिन्नरला तिचं बैठं घर, खिडक्या सताड उघड्या, ओसरीवर कांदे पसरलेले. तिने मला पाहिलं आणि काही न विचारता पाट मांडला. जेवताना म्हणाली, "हद्दपार का?"

"हो."

"किती?"

"माहीत नाही."

"बरं झालं. मला भांडायला कुणी नव्हतं."

तिथे बातमी आली की बाळ सुधारलं. पिवळेपणा उतरला, दूध ओढायला लागला, घरी आणला. मी देवापुढे साखर ठेवली आणि रडले. मी गेले आणि तो बरा झाला, याचा अर्थ सरळ होता. बाम एकदाच लावला हे मला पक्कं आठवत होतं. पण या वयात माणूस स्वतःच्या आठवणीवरही किती विसंबणार? माझे केस, माझी कातडी, इतक्या वर्षांत माझ्या पोटात गेलेली औषधं, काय सुटत असेल माझ्यातून कुणास ठाऊक. कुंदाच्या नातवंडांनाही मी जवळ घेईना.

मग ओजसचा फोन आला. राहिलेलं बारसं उरकून घेत होते. घरच्या घरी.

"तू ये. शर्वरी पण हो म्हणालीय. फक्त अंगाला काही लावू नकोस."

"बाळ कसा आहे?"

"छान आहे." मग म्हणाला, "कालपासून जरा सुस्त आहे. झोपतो फार. नकटी हिरवी आहे, काळजी नको."

कुंदा माझ्याबरोबर निघाली. झगझगीत मोरपंखी पंजाबी ड्रेस, वर तसलीच ओढणी.

"अगं, पॉलिस्टर!" मी म्हणाले. "तुला दारातच उभी करतील."

"करू देत. तुला एकटीला पाठवणार नाही मी."

दाराजवळच्या न्हाणीत मी अंघोळ केली, झगा घातला. आतलं दार ओजसने उघडलं.

आणि माझी आई आली.

खरंच सांगते, क्षणभर तसंच झालं. दिवाळीनंतरचे ते दिवस, आई ट्रंकेपुढे बसलेली, लोकरीचे कपडे एकेक करून बाहेर येताहेत, आम्ही दोघी बहिणी त्यात तोंड खुपसतोय आणि ती म्हणतेय, पुरे गं, डोकं दुखेल. तो गार, गोडसर, नाकात चढणारा वास. माझे डोळे भरून आले. किती वर्षांनी! एक अख्खा श्वास मी नुसती सुखात होते.

मग कळलं की आपण काय हुंगतोय.

डांबरगोळ्या.

भिंतीवर नकटीचा दिवा शांत हिरवा होता. पाळणा खोलीच्या मध्यावर, झेंडूच्या माळा लावलेला. त्यात माझ्या आईची गोधडी आणि तिच्यात बाळ.

मी दुसरा श्वास घेतला. वास होता, पण पहिल्याएवढा नव्हता. तिसऱ्याला आणखी फिका. नाक सरावत होतं. थोडा वेळ गेला की मला तो येणारच नव्हता, इतके महिने आला नव्हता तसा. मग मी कुणाला काय सांगणार होते?

मी पाळण्याकडे धावले. शर्वरी आडवी आली.

"आई, हात लावू नका त्याला."

"त्या गोधडीतून काढ त्याला. आत्ता! डांबरगोळ्यांचा वास येतोय."

"कुठे?"

"सगळीकडे! घरभर!"

तिने खोल श्वास घेतला. ओजसनेही. "मला नाही येत," ती म्हणाली. "आणि तिलाही नाही." तिने भिंतीकडे बोट केलं.

"तुला येणारच नाही गं! तू या घरात बसून आहेस. मला तरी कुठे येत होता? ट्रंक आधी आली, नकटी नंतर. ती हा वास घर म्हणून शिकली. तिच्या लेखी हे घर असंच असतं!"

"आई, तू दमली आहेस," ओजस माझा दंड धरत म्हणाला. "बस जरा."

"तुम्ही बाम आणलात," शर्वरी म्हणाली. "आणि आता खोट माझ्या घरात काढताय?"

तेवढ्यात दारातून कुंदाचा आवाज आला. तिला न्हाणीत जायचं राहिलंच होतं, तशीच आत घुसली होती. "अगो बाई! ताई, आईची ट्रंक उघडी आहे का गं?"

ओजसचा हात माझ्या दंडावरून सुटला.

"ओजस," मी म्हणाले, "खाली जा, वाऱ्यात उभा राहा आणि परत ये. मग सांग मी वेडी आहे."

"वेळ नाही तेवढा," शर्वरी एकदम म्हणाली. ती पाळण्यात वाकली होती. तिने बाळाचा लंगोट सोडला आणि तशीच थांबली. मला तिच्या खांद्यावरून दिसला तो कोऱ्या चहाचा रंग.

ती माझ्याकडे वळली. एका बाजूला हिरवा दिवा होता, जो एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या बाजूला मी, जिने तिच्या समजुतीप्रमाणे तिचं मूल मारत आणलं होतं. तिच्या भावाच्या वेळी तिच्या आईला असं निवडायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तिने बाळाच्या अंगावरचं सगळं ओरबाडून काढलं. अंगडं, टोपडं, दोरा सुद्धा. उघडं पोर हातात घेऊन ती इकडेतिकडे बघू लागली. गुंडाळायला काही नव्हतं. बाळाचं प्रत्येक फडकं त्या ट्रंकेतलं, बाकीच्यांतही तीच हवा मुरलेली.

कुंदाने ओढणी काढून पुढे केली.

वर्षभर ज्या मुलीने घरात नायलॉनचा दोरा येऊ दिला नव्हता, तिने आपलं बाळ त्या झगझगीत मोरपंखी पॉलिस्टरमध्ये गुंडाळलं आणि अनवाणी जिन्याकडे पळत सुटली.

ओजस आणि कुंदा तिच्यामागे गेले. मी मागे राहिले, कारण डॉक्टरांना नुसता वास सांगून भागणार नव्हतं. ट्रंकेतले कपडे उपसले. तळाला आईने चिकटवलेलं मेणकापड होतं, एका कोपऱ्यात फाटलेलं. त्यात बोटं घालून मी ते खेचलं. खाली पांढऱ्या पापड्या होत्या, नखाच्या कडेएवढ्या, ढीगच्या ढीग. दरवर्षी आई नव्या गोळ्या टाकायची, पुढे मी टाकल्या. झिजून बारीक झालेल्या गोळ्या त्या फटीतून खाली सरकत गेल्या होत्या. मी वेचल्या त्या फक्त वरच्या. बंद खिडक्यांच्या घरात त्यांची वाफ कपड्यांत मुरत होती. कपडे कधी उन्हात गेले नाहीत, वारा त्यांना लागला नाही. धुतले की पुन्हा ट्रंकेत.

हॉस्पिटलात बाळ बरा झाला होता तो मी नव्हते म्हणून नाही. तिथे गोधडी नव्हती म्हणून.

मी सगळ्या खिडक्या उघडल्या. बागांवरून फवारणीचा उग्र दर्प आत आला आणि नकटी लाल होऊन किंचाळायला लागली. तिला तसंच ओरडू दिलं. पापड्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं आणि हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर सय्यदांनी बाटली किंचित उघडली, पटकन बंद केली. "माझ्या आजीच्या पेटीत असायच्या," त्या म्हणाल्या. मग धावत आत गेल्या.

बाळाला रक्त द्यावं लागलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मध्ये अंतर ठेवून. बऱ्याच वेळाने शर्वरी सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतोय?"

"दुखतोय."

ती तो हळूहळू चोळत राहिली.

बाळ वाचला. ऐकू येतं, दिसतं, हसतो. डोळ्यांच्या तपासण्या, कानाच्या तपासण्या अजून चालू आहेत, आणि दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. नाव मात्र तिथेच, हॉस्पिटलात ठेवलं. चिन्मय. कानात सांगायला आत्या नव्हती म्हणून कुंदानेच सांगितलं, आणि पुढे महिनाभर "माझी ओढणी परत द्या" म्हणून सगळ्यांना छळत होती.

नकटी बसवणारा माणूस पुन्हा आला. तिला सगळं विसरायला लावलं, रिकाम्या, वारा खेळलेल्या घरात पुन्हा शिकवलं. जाताना म्हणाला, "आता चिंता नाही." शर्वरी त्याच्याकडे बघत राहिली.

त्या रविवारी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही आज कुंदामावशींकडे जाऊन या."

मी दचकले. "का गं?"

"संध्याकाळी परत यायला."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. रविवारी सकाळी मी सिन्नरला जाते. कुंदाच्या गच्चीवर आईच्या साड्या आणि ती गोधडी पसरलेली आहे. सुरुवातीला मी तिथे गेले की आधी त्यांत तोंड खुपसायचे. हल्ली ऊन आणि धूळ, एवढंच येतं. कुंदा म्हणते, आता ने परत. मी म्हणते, राहू दे अजून.

संध्याकाळी मी येते, अंघोळ करते, झगा घालते. शर्वरी आतलं दार उघडते आणि चिन्मयला कडेवर घेऊन दूर उभी राहते. मी उंबऱ्यावर डोळे मिटते आणि पहिला श्वास घेते. नकटीचा दिवा मी बघत नाही, तीही बघत नाही.

काल तशीच उभी होते.

"वरणात हिंग जास्त झालाय," मी म्हणाले.

"आणि?"

"ओजसने मोजे सोफ्याखाली टाकलेत."

आतून ओजस ओरडला, "टाकले नाहीत, ठेवलेत!"

"आणखी काही, आई?"

दूध होतं. तान्ह्याच्या टाळूचा, कोमट, पिठासारखा वास होता. मी आणखी खोल गेले, त्याच्याही मागे, जिथे ती गार, गोड धार असायची. आई बसायची तिथे. शोधलं. पुन्हा शोधलं.

"नाही," मी म्हणाले. "आणखी काही नाही."

शर्वरीने चिन्मयला माझ्या हातात दिलं आणि मी आत गेले.